पुरवणी कोणत्या आवृत्तीची?

(हैदराबाद येथे मराठीचे अध्यापक, लेखक आणि विद्यार्थी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



परीक्षेत पुरवणी मागणारा विद्यार्थी आपण सर्वांनी पाहिला आहे. पुरवणी हातात देताना पर्यवेक्षक न चुकता सांगतो, "आधी मुख्य उत्तरपत्रिकेचा क्रमांक लिही." तो क्रमांक राहिला आणि दोरा सुटला, तर आत कितीही चांगले उत्तर असो, ते कोणाचे हे तपासणाऱ्याला कळत नाही. आजचे माझे सांगणे अशाच एका पुरवणीबद्दल आहे. फक्त ती कागदाची नाही, संगणकाच्या प्रोग्रॅममधली आहे.

साहित्य शिकवणाऱ्या बाईंनी हा विषय का घ्यावा, असे आपल्याला वाटेल. मलाही तसेच वाटले असते. पण दोन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात आमच्या विभागाची शब्दवही उघडेनाशी झाली आणि मला हा विषय शिकावा लागला.

या शब्दवहीची हकीकत थोडक्यात सांगते. आमच्याकडे मराठी ही दुसरी भाषा म्हणून घेणारी मुले येतात. त्यांच्या घरी मराठी आहे, दारात तेलुगू आहे आणि रस्त्यावर दखनी. कोणाचे आजोळ बीदरकडचे, कोणाचे लातूरचे, कोणाच्या चार पिढ्या शहाअलीबंड्यात गेलेल्या. या मुलांना मी दरवर्षी एक काम देते : घरातल्या वडीलधाऱ्यांकडून, पुस्तकात सहसा न भेटणारे शब्द गोळा करा. शब्द, त्याचा अर्थ, तो ज्या वाक्यात ऐकला ते वाक्य, सांगणाऱ्याचे वय आणि गाव. 'येळवस' आला, त्या दिवशीची 'भज्जी' आणि 'आंबील' आली, 'माळवद' आले, 'कंदुरी' आली; निजामी अमलातले 'हाली' आणि 'सर्फेखास' आले. वह्या साठत गेल्या. २०२१ साली संगणकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने टाळेबंदीच्या दिवसांत घरी बसून या वह्यांसाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. शब्द टाकावा, शोधावा, गावानुसार यादी काढावी, एवढेच त्याचे काम. तो विद्यार्थी पुढे नोकरीसाठी दूर गेला. प्रोग्रॅम मात्र दोन वर्षे बिनतक्रार चालला.

मग विभागाचा जुना संगणक बदलला. शब्दवहीची सगळी फोल्डर नव्या संगणकावर आणली, प्रोग्रॅमसोबत लिहून ठेवलेल्या सूचनांप्रमाणे आवश्यक ते सारे पुन्हा बसवले. प्रोग्रॅम सुरू केला, तर शब्दांऐवजी पडद्यावर इंग्रजी ओळींची रांग उभी राहिली. शेवटच्या ओळीचा अर्थ असा होता : 'एसक्यूएलअल्केमी या भागात ऑल नावाचे काही नाही.'

आता हे एसक्यूएलअल्केमी काय, ते सांगायला हवे. संगणकवाले ज्याला लायब्ररी म्हणतात ते पुस्तकांचे ग्रंथालय नसते. दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेल्या आणि आपल्या प्रोग्रॅमला आयत्या वापरता येणाऱ्या सूचनांचा तो संच असतो. एसक्यूएलअल्केमी ही माइक बायर यांनी सुरू केलेली लायब्ररी २००६ पासून लोकांच्या हाती आहे. डेटाबेस, म्हणजे माहितीची कोष्टके सांभाळणारी यंत्रणा, आणि पायथन भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम यांच्यामधली ती दुभाषी आहे. नावातला 'अल्केमी' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. अरबीतल्या ज्या शब्दापासून तो निघाला, त्याच शब्दापासून आपली 'किमया' आली.

या लायब्ररीच्या वर आणखी एक थर होता. फ्लास्क नावाचे, वेबपाने तयार करण्याचे एक साधन आहे. फ्लास्क आणि एसक्यूएलअल्केमी यांना एकत्र नांदवण्यासाठी फ्लास्क-एसक्यूएलअल्केमी नावाचा एक जोडभाग लिहिला गेला. इंग्रजीत त्याला एक्स्टेन्शन म्हणतात. मी त्याला पुरवणी म्हणते. मूळ लायब्ररी लिहिणारे वेगळे, पुरवणी सांभाळणारे वेगळे. दोघांची वेळापत्रके वेगळी आणि आवृत्त्यांचे क्रमांकही वेगळे. आमच्या विद्यार्थ्याने सूचनांच्या यादीत दोन ओळी लिहिल्या होत्या : फ्लास्कची अमुक आवृत्ती, आणि पुरवणीची २.५.१ ही आवृत्ती. मूळ लायब्ररीची ओळच नव्हती. पुरवणी बसवली की मूळ लायब्ररी तिच्यामागून आपोआप येते, म्हणून ती लिहायची गरज त्याला वाटली नाही.

घोटाळा इथेच झाला. पुरवणीच्या २.५.१ आवृत्तीने स्वतःच्या गरजेची नोंद अशी केली होती : 'मूळ लायब्ररी ०.८ किंवा तिच्या पुढची.' पुढची म्हणजे कुठपर्यंत, हे लिहिलेले नव्हते. २०२१च्या मार्च महिन्यात ही पुरवणी निघाली तेव्हा मूळ लायब्ररी १.४ पर्यंत आली होती आणि दोघींचे छान जमत होते. २०२३च्या जानेवारीत मूळ लायब्ररीची २.० ही आवृत्ती आली. आम्ही जूनमध्ये नव्या संगणकावर सगळे बसवले, तेव्हा बसवणाऱ्या यंत्रणेने सांगितल्या शब्दाला जागून पुरवणी जुनी आणली आणि मूळ लायब्ररी सर्वांत नवी आणली.

त्या दोघींचे बिनसले कशावरून, हेही पाहण्यासारखे आहे. मूळ लायब्ररीत 'ऑल' नावाची एक यादी होती. तिला आपण अनुक्रमणिका म्हणू. पुरवणी ती अनुक्रमणिका उघडून त्यातले एकेक नाव आपल्याकडे उतरवून घेत असे. २.० मध्ये ती अनुक्रमणिका काढून टाकली गेली. आतली प्रकरणे जवळपास सगळी जागच्या जागी होती. पण पुरवणीचा हात अनुक्रमणिकेवर होता, आणि ती नसल्यामुळे पहिल्याच पावलाला ती अडखळली.

मित्रहो, हा प्रकार आपल्याला नवा नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ची. एकनाथांनी शके १५०६ मध्ये तिचा पाठ शुद्ध केला. १९०९ साली राजवाड्यांनी जुन्या हस्तलिखितावरून वेगळी प्रत छापली. प्रतीप्रतींत ओव्यांची संख्या सारखी नाही, त्यामुळे ओव्यांचे क्रमांकही सगळीकडे जुळत नाहीत. एखादा विद्यार्थी प्रबंधात नुसते 'अध्याय अमुक, ओवी अमुक' लिहितो, तेव्हा आपण समासात लाल शाईने विचारतो, "प्रत कोणती?" टीका आणि भाष्य यांना मूळ ग्रंथाच्या पाठाचा आधार असतो. मूळ पाठ हलला की भाष्यातला आकडा भलत्याच ओवीवर जाऊन बसतो. पुरवणी २.५.१ची स्थिती अशीच झाली होती.

आता आम्ही केलेली चूक सांगते. आजच्या भाषणात तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

दुसऱ्या वर्षातली एक हुशार मुलगी मदतीला आली. ती म्हणाली, "मॅडम, सगळंच नवं करून टाकू ना." मला ते पटले. तिने फ्लास्क, पुरवणी आणि मूळ लायब्ररी या तिन्हींच्या त्या दिवशीच्या ताज्या आवृत्त्या बसवल्या. प्रोग्रॅम पुन्हा अडला. प्रत्येक अडथळ्याची सूचना वाचून ती एकेक ओळ बदलत गेली. एके ठिकाणी संगणक म्हणाला, डेटाबेसला द्यायची साधी वाक्ये आता 'टेक्स्ट' अशी खूण करून द्यावी लागतील. तिने तशी खूण केली. संध्याकाळपर्यंत शब्दवही उघडली, जुने शब्द दिसू लागले, आणि आम्ही चहा मागवला.

पुढच्या आठवड्यात तिने आपल्या आजीला बोलते केले. दुपारभर बसून, वहीत न लिहिता, थेट 'अनेक नोंदी एकदम' या पानावर अडतीस शब्द टाकले. पानाने दर वेळी 'नोंद जतन झाली' असे सांगितले. दुसऱ्या दिवशी यादी उघडली, तर त्यांतला एकही शब्द नव्हता.

कारण असे होते. मूळ लायब्ररीच्या १.४ पर्यंतच्या आवृत्त्यांत, थेट जोडणीवरून नवी नोंद करणारे वाक्य दिले की लायब्ररी ते आपण होऊन कायम करत असे. २.० मध्ये ही सवय काढून टाकण्यात आली. आता 'कायम कर' असे स्पष्ट सांगावे लागते. न सांगता जोडणी बंद केली, तर त्या जोडणीवरून केलेले लिखाण रद्द होते. बँकेच्या खिडकीत चलन भरून द्यावे आणि शिक्का न घेता परत यावे, तसे ते झाले. 'नोंद जतन झाली' हा मजकूर आमच्याच प्रोग्रॅमचा होता. डेटाबेसला विचारून तो लिहिलेला नव्हता. टेक्स्टची खूण नसेल तर नवी लायब्ररी तक्रार करत होती, म्हणून ती खूण आम्ही केली. 'कायम कर' नसले, तर कोणीच तक्रार करत नव्हते. जिथे तक्रार आली तेवढीच दुरुस्ती आम्ही केली आणि काम झाले असे समजलो.

मुलगी पुन्हा आजीकडे गेली. आजी म्हणाल्या, "अगं, परवाच तर सांगितलं की तुला सगळं!" त्यांनी पुन्हा सांगितले. अडतीसपैकी एकोणतीस शब्द मिळाले. सहा नवेच निघाले. उरलेले नऊ कोणते, ते आजीला आठवेना आणि नातीलाही आठवेना. आजींचे वय ब्याऐंशी. ते नऊ शब्द आम्ही अजून शोधत आहोत.

यानंतर आम्ही सगळे मागे घेतले आणि पहिल्यापासून, क्रमाने काम केले. तो क्रम सांगते. कारण आपल्यापैकी अनेकांच्या संस्थांत अशी एखादी सूची, एखादा कोश, एखाद्या विद्यार्थ्याने जाता जाता लिहून दिलेल्या प्रोग्रॅमवर उभा आहे.

पहिले काम, नोंदींची प्रत बाजूला काढणे. आमची सगळी माहिती एसक्यूएलाइट प्रकारच्या एकाच फाइलमध्ये होती. प्रोग्रॅम बंद करून त्या फाइलच्या दोन प्रती केल्या आणि एक कपाटात ठेवली. आधी हेच केले नव्हते. जुने शब्द वाचले ते नशिबाने.

दुसरे काम, जुना जुळणारा संच कोणता होता हे ठरवणे. जुना संगणक हातात नव्हता. मग पाठसंशोधक हस्तलिखिताचा काळ ठरवतो, तसे केले. प्रोग्रॅमच्या फाइलींवर २०२१च्या तारखा होत्या. प्रत्येक लायब्ररीच्या आवृत्त्या कोणत्या दिवशी निघाल्या, याची सार्वजनिक नोंद असते. त्या तारखांना मूळ लायब्ररीची १.४ ही मालिका चालू होती. एक स्वतंत्र कप्पा केला. पायथनमध्ये अशी सोय आहे, की एका प्रोग्रॅमची साधने दुसऱ्याच्या साधनांत मिसळत नाहीत. त्या कप्प्यात पुरवणी २.५.१ ठेवली आणि मूळ लायब्ररीच्या ओळीवर '२.० पेक्षा कमी' अशी अट घातली. शब्दवही पहिल्यासारखी चालू झाली. या अटीची एक ओळ जून महिन्यात लिहिली असती, तर निदान काम थांबले नसते.

पण तिथेच थांबून चालत नाही. जुन्या आवृत्तीला पुढे दुरुस्त्या मिळेनाशा होतात, आणि एक दिवस पायथनच तिला सोडून पुढे जातो. म्हणून तिसरे काम, जुन्या आवृत्तीलाच विचारणे की पुढे काय बदलणार आहे. १.४ ही मधली आवृत्ती यासाठीच केलेली होती. तिच्यात एक कळ आहे. ती दाबून प्रोग्रॅम चालवला, की २.० मध्ये जे जे चालणार नाही त्याचा इशारा ती देते, आणि काम मात्र थांबवत नाही. आम्ही कळ दाबली आणि प्रोग्रॅमचे प्रत्येक पान एकदा वापरून पाहिले. 'अनेक नोंदी एकदम' या पानावर आलो, तेव्हा इशारा आला : हे लिखाण सध्या आपोआप कायम केले जात आहे, २.० मध्ये असे होणार नाही.

ते वाचून त्या मुलीने माझ्याकडे पाहिले. जे आम्हाला नऊ शब्द गमावून कळले, ते मधल्या आवृत्तीने एका ओळीत सांगितले असते. आम्ही तिला ओलांडून थेट २.० वर उडी मारली होती.

चौथे काम, सगळे एकदम न बदलता एकेक बदलणे. पुरवणीची ३.० ही मालिका १.४ आणि २.० या दोन्हींबरोबर चालते. ती या दोन काठांमधला पूल आहे. तिला फ्लास्क किमान २.२ लागतो, म्हणून आधी फ्लास्क पुढे नेला. मग मूळ लायब्ररी १.४ वरच ठेवून पुरवणी ३.० मालिकेत आणली आणि सर्व पाने तपासली. सगळे इशारे मिटल्यावर, शेवटी मूळ लायब्ररी २.० मालिकेत नेली. प्रत्येक पायरीला तपासणी एकच : एक शब्द टाकायचा, प्रोग्रॅम पूर्ण बंद करायचा, पुन्हा उघडायचा आणि तो शब्द आहे का ते पाहायचे. पडद्यावरच्या 'जतन झाली' या शब्दांवर आम्ही आता विश्वास ठेवत नाही.

एवढे करूनही एक धडा शिल्लक होता. ऑक्टोबरमध्ये एका सहकाऱ्यांनी तीच शब्दवही आपल्या संगणकावर बसवली. आम्ही यादीत आता तीन ओळी लिहिल्या होत्या. फ्लास्क २.२.२ होता. पण फ्लास्कच्याही खाली वर्कझॉइग नावाची एक लायब्ररी असते आणि तिची ओळ आम्ही लिहिली नव्हती. सप्टेंबर संपता संपता तिची ३.० आवृत्ती निघाली होती आणि फ्लास्क तिच्यातून जे एक नाव मागत होता ते तिने काढून टाकले होते. रोग तोच, एक मजला खाली. तेव्हापासून आम्ही 'पिप फ्रीझ' या आज्ञेने त्या कप्प्यातल्या सर्व साधनांची, खालच्या मजल्यांसकट, नेमक्या क्रमांकांची यादी काढतो आणि शब्दवहीच्या फोल्डरमध्ये ठेवतो.

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, नव्या आवृत्त्या काढणाऱ्यांचाच हा दोष. तसे मला वाटत नाही. आपोआप कायम करण्याची सवय काढली ती योग्यच होती. अर्धवट लिखाण नकळत कायम होणे हेही धोक्याचेच. बदल करणाऱ्यांनी मधली आवृत्ती दिली, इशारे दिले, काय बदलले ते सविस्तर लिहून ठेवले. पुरवणी सांभाळणाऱ्यांनी पूल बांधून दिला. त्यांचे काम मुक्त आहे आणि आपण ते फुकट वापरतो. कमतरता आमच्या बाजूला होती. आपले काम कशावर उभे आहे, हे आम्ही लिहून ठेवले नव्हते.

हैदराबादच्या माणसाला ही कमतरता चटकन कळावी. जुन्या संस्थानातला एखादा घरातला कागद काढा. त्यावर नुसते '१३४०' लिहिलेले असते. फसली सन धरला तर ते १९३०-३१ होते. हिजरी धरला तर १९२१-२२. आकडा स्वच्छ वाचता येतो, शाईसुद्धा उडालेली नसते, तरी जवळजवळ नऊ वर्षांचा फरक पडतो. लिहिणाऱ्याला सन लिहायची गरज वाटली नव्हती, कारण त्याच्या दफ्तरात तो सर्वांना माहीत होता. आमच्या विद्यार्थ्यालाही २०२१ साली तसेच वाटले होते.

म्हणून माझी विनंती साधी आहे. आपल्या संस्थेत शब्दसूची, हस्तलिखितांची यादी, लोकगीतांचा संग्रह असे काही संगणकावर असेल, तर उद्या तीन गोष्टी करा. माहितीच्या फाइलची एक प्रत वेगळी ठेवा. प्रोग्रॅम ज्या साधनांवर चालतो त्या सर्वांच्या आवृत्त्यांची यादी काढून, छापून, त्या संग्रहाच्या पहिल्या पानाला जोडा. ग्रंथाच्या आरंभी आपण आवृत्तीचे साल छापतो, तशी. आणि ज्या विद्यार्थ्याने तो प्रोग्रॅम लिहिला तो अजून शहरात असेल, तर त्याला एकदा बोलावून चहा पाजा आणि त्याने काय गृहीत धरले होते ते विचारून लिहून घ्या.

विद्यार्थ्यांना एक वेगळे सांगते. शब्द आधी वहीत लिहा, मग संगणकात टाका. माणूस सांगत असतो तेव्हा पेन हातात असू द्या. त्या मुलीची आजी अजून आहे. नात दर रविवारी तिच्याकडे जाते, वही घेऊन. गेल्या महिन्यात नवापैकी एक शब्द परत आला. तो वहीत लिहिला, मग शब्दवहीत टाकला, शब्दवही बंद करून पुन्हा उघडली, आणि शब्द तिथे होता.